हॅन्कॉक ऐकताना त्याचं मरण आडवं येतं का?

इंग्लंडात राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना टोनी हॅन्कॉक या ब्रिटिश विनोदी कलाकाराच्या जुन्या रेडिओ मालिकेच्या सीडी दिल्या. ऐकताना हसून पुरेवाट झाली. मग त्यांनी सहज माहिती काढली, तर हा माणूस १९६८ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, आत्महत्या करून गेलेला. ते विचारतात, ‘आता हसता हसता मधेच घशात काहीतरी अडकतं. हे असंच होत राहणार का? पन्नासहून जास्त वर्षं उलटली तरी लोक त्याच्या नावाने का जमतात? त्याच्यात असं होतं तरी काय? आणि या आजोबांच्या माळ्यावर जुन्या स्पूलच्या टेपा आहेत. कशाच्या ते त्यांनाही आठवत नाही, आता टाकून देतो म्हणतात. त्यांचं काय करावं? शिवाय, पुढे काय ऐकू?’

माझं आयुष्य श्रुतिका बसवण्यात आणि त्यांचं संपादन करण्यात गेलं. हॅन्कॉक मी कामाचा भाग म्हणून ऐकायला लागलो आणि मग सोडलाच नाही. त्यामुळे एका तंत्रज्ञाचं आणि एका चाहत्याचं असं मिळून हे उत्तर आहे.

आधी टेपांचं, कारण ते तातडीचं आहे. आजोबांना आजच सांगा, काहीही टाकू नका. का, ते पुढे येईलच.

आता हॅन्कॉक. जन्म १२ मे १९२४, बर्मिंगहॅममधल्या हॉल ग्रीन भागात. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब बोर्नमथला, समुद्रकाठी आलं. वडिलांनी तिथे हॉटेल चालवलं, ते स्वतःही हौशी विनोदी कलाकार होते. १९३४ मध्ये ते वारले. युद्धात हॅन्कॉक हवाई दलात गेला, तिथल्या करमणूक पथकांत उभा राहायला शिकला. युद्ध संपल्यावर लंडनच्या विंडमिल थिएटरात कामं केली, मग रेडिओवर फुटकळ कार्यक्रम. नाव झालं ते ‘एज्युकेटिंग आर्ची’मुळे. त्यात तो एका शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याचा वैतागलेला मास्तर असायचा. रेडिओवर शब्दभ्रम, म्हणजे ओठ हलतात की नाही हे कुणालाच दिसत नाही, तरी इंग्लंडने तो कार्यक्रम डोक्यावर घेतला होता. पण तिथला हॅन्कॉक अजून त्याचा स्वतःचा झालेला नव्हता.

तो स्वतःचा झाला २ नोव्हेंबर १९५४ला. बीबीसीच्या लाइट प्रोग्राम या करमणुकीच्या रेडिओ केंद्रावर त्या रात्री ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’चा पहिला भाग लागला. लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन, निर्माते डेनिस मेन विल्सन. तोवर विनोदी कार्यक्रमाचा साचा ठरलेला असे. थोडे चुटके, मग गाणं, पुन्हा चुटके, मग वाद्यवृंद, ठरावीक पालुपद आलं की टाळ्या. या दोन पोरसवदा लेखकांनी मधली गाणी काढून टाकली. अर्धा तास एकच गोष्ट, एकच घर, तीच माणसं, आणि हसू यायचं ते माणसांच्या स्वभावातून. आज आपण ज्याला सिटकॉम म्हणतो त्याचं ब्रिटनमधलं घर या पायावर उभं आहे.

गॅल्टन आणि सिम्प्सन यांच्याबद्दल इथे दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्यांच्यावाचून हॅन्कॉक समजत नाही. दोघंही विशीच्या आत क्षयाने आजारी पडले. १९४८ मध्ये सरेतल्या मिलफर्ड सॅनिटोरियममध्ये त्यांची ओळख झाली. महिनोन्महिने खाटेवर. तिथल्या रुग्णांसाठी चालणाऱ्या रेडिओवर त्यांनी विनोदी कार्यक्रम लिहायला सुरुवात केली. मला नेहमी वाटत आलंय की वेळ जात नसताना माणूस काय काय करतो, कशावरून भांडतो, छताकडे बघत काय बडबडतो, हे त्यांनी तिथे पाठ पडून पाहिलं. पुढे त्यांनी हॅन्कॉकला जे दिलं ते हेच.

तुम्ही ‘संडे आफ्टरनून ॲट होम’ ऐकला असेलच. नसेल तर आज ऐका. प्रसारण २२ एप्रिल १९५८. भागात काहीही घडत नाही. रविवारची दुपार, बाहेर पाऊस, घरात चारजण: हॅन्कॉक, सिड जेम्स, बिल कर आणि मिस प्यूच्या भूमिकेत हॅटी जॅक्स. त्या काळच्या इंग्लंडात रविवारी बहुतेक दुकानं बंद, नाटकगृहं बंद, पबच्या वेळाही तोकड्या. जायचं कुठे? भाग सुरू होतो तो जांभईने. मग सुस्कारा. मग अरे देवा, अरे देवा अशा अर्थाचं कण्हणं. मग बराच वेळ काहीच नाही. मग तो विचारतो, किती वाजले? दोन. फक्त दोनच? आणि पुन्हा शांतता.

माझ्या धंद्यात शांततेची धास्ती असते. रेडिओवर काही सेकंद आवाज आला नाही की श्रोत्याला वाटतं संच बिघडला, आणि वरिष्ठांना वाटतं ड्यूटीवरचा माणूस झोपला. संपादनाला बसलं आणि श्रुतिका अर्ध्या तासात मावत नसली की पहिली कात्री चालते ती विरामांवर. ब्लेडने टेप तिरकी कापायची, मधला तुकडा बाजूला काढायचा, दोन टोकं चिकटवायची. संवाद तर सगळे राहिले, मग नुकसान काय? मी शिकाऊ पोरांना हा भाग ऐकवायचो आणि सांगायचो, आता यातला एक विराम मनातल्या मनात काढून बघा. ‘किती वाजले’ आणि ‘दोन’ जवळ आणले तर उरतं फक्त वेळ विचारणं. हसू येतं ते मधल्या पोकळीत, कारण ती दुपार आपण प्रत्येकाने काढलेली असते आणि तो आता काय म्हणणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

त्याच भागात जेवणावरून बोलणं निघतं. मिस प्यूच्या हातचं जेवण वाईट, हे सांगताना हॅन्कॉक आपल्या आईला मधे आणतो: तीही वाईट स्वयंपाक करायची, पण तिच्या रश्श्याला निदान हालचाल तरी असायची, अशा अर्थाचं वाक्य आहे. वाक्य चांगलंच आहे, पण कागदावर वाचून ते स्मितापलीकडे जाणार नाही. तो ते ज्या थकलेल्या, दुखावलेल्या आणि तरीही न्यायबुद्धीने बोलतोय अशा सुरात म्हणतो त्यावर स्टुडिओतले लोक फुटतात. आणि मग हशा पूर्ण ओसरायच्या आत, अगदी उतरणीवर असताना, तो पुढचं वाक्य टाकतो. ना लवकर, ना उशिरा. हशा पूर्ण विझू दिला तर पुढचं वाक्य थंड पडतं, वर चढत असताना बोललं तर ऐकू येत नाही. मराठी रंगभूमीवरचे चांगले विनोदी नट हे उपजत जाणतात, पण त्यांना समोरचे चेहरे दिसत असतात आणि देहबोलीने जागा भरता येते. हॅन्कॉकच्या हातात संहिता, समोर माईक, आणि घरी ऐकणाऱ्यासाठी फक्त श्वास. त्याचा श्वास ऐका. वाक्याआधी तो हवा आत घेतो तेव्हाच माणूस चिडलाय, की फुशारकी मारणार आहे, की हार मानली आहे, ते कळतं.

हे पात्र कोण? अँथनी अलॉयशियस सेंट जॉन हॅन्कॉक, मुक्काम २३, रेल्वे कटिंग्ज, ईस्ट चीम. नाव लांबलचक आणि खानदानी, घर रेल्वेच्या रुळांलगत. वाचन अर्धवट, मतं मात्र ठाम. आपल्या लायकीची कदर जगाने केलेली नाही, याबद्दल तिळमात्र शंका नाही. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही हा माणूस परका वाटणार नाही, दुसऱ्या मजल्यावर तो असायचाच. पण लेखकांनी आणि हॅन्कॉकने त्याला कधी तुच्छ केलं नाही. तो फजीत होतो तेव्हा आपण त्याच्यावर हसतो आणि त्याच दमात त्याच्या बाजूचेही असतो. नॉर्वेत याच संहितांवर पुढे मालिका झाली आणि तिथल्या लोकांना तो आपलाच वाटला, यातच सगळं आलं.

लोक त्याच्यावर एवढा जीव का टाकतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. सिनेमातला नट पडद्यावर मोठा दिसतो, रेडिओवरचा माणूस मात्र घरात येतो, तुम्ही भांडी घासत असता, कपडे इस्त्री करत असता, आणि तो तुमच्याच खोलीत बसून कुरकुरत असतो. आठवड्याच्या ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं. १९५४ ते १९५९ या काळात रेडिओवर सहा मालिका झाल्या, १०३ भाग. अशा माणसाच्या जाण्याने घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. ते खोटं रडणं नव्हे, सवयीने जडलेलं नातं ते.

आता तुमच्या घशात अडकणाऱ्या गोष्टीकडे येतो.

त्याचा शेवट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. हसवणारा आतून रडत होता; त्याने एकेक करून सगळ्यांना तोडलं, आधी मालिकेतला सहकलाकार केनेथ विल्यम्स, मग सिड जेम्स, मग लेखक, आणि शेवटी एकटा उरला. लेख लिहायला ही मांडणी फार सोयीची. माझं तिच्याशी जमत नाही, आणि ज्या चाहत्यांनी त्याला वर्षानुवर्षं ऐकलंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचंही जमत नाही.

त्यातलं खरं ते आधी मान्य करू. तो दारूच्या विळख्यात सापडला होता. रंगमंचाची धास्ती होतीच. १९५५ मध्ये दुसरी मालिका सुरू व्हायच्या वेळी तो सरळ देश सोडून निघून गेला आणि पहिले तीन भाग त्याच्या जागी हॅरी सीकम या विनोदी कलाकाराने निभावले. केनेथ विल्यम्सचे ते चित्रविचित्र आवाज त्याला नकोसे झाले. १९६१च्या दूरदर्शन मालिकेत सिड जेम्स नव्हता, आणि त्याच वर्षी गॅल्टन-सिम्प्सन यांच्याशीही तो वेगळा झाला. ते दोघं लगेच ‘स्टेप्टो अँड सन’ या दूरदर्शन मालिकेकडे वळले आणि १९६२ पासून तिथेही त्यांनी इतिहास घडवला. हॅन्कॉकला मात्र तसे लेखक पुन्हा मिळाले नाहीत.

पण थोडं बारकाईने बघा. विनोदी आवाज काढणारं पात्र खऱ्याखुऱ्या घरात बसत नाही, हे त्याचं म्हणणं कलेच्या दृष्टीने बरोबरच होतं. आपण दोघांच्या जोडीतला एक म्हणून अडकू नये, ही भीतीही अवास्तव नव्हती. सिड जेम्सशिवायच्या त्या १९६१च्या मालिकेतच ‘द ब्लड डोनर’ आणि ‘द रेडिओ हॅम’ आहेत, आणि आज हॅन्कॉक म्हटलं की बहुतेकांना आधी तेच आठवतात. म्हणजे जी निवड आज त्याच्या अहंकाराचा पुरावा म्हणून दाखवतात, तिनेच त्याचं सर्वांत गाजलेलं काम दिलं. लेखकांना सोडणं हा मात्र त्याचा मोठा तोटा झाला, यात मला शंका नाही. तरीही दारूचं व्यसन आणि नैराश्य हे आजार आहेत. त्यांना मैत्री तोडल्याची शिक्षा म्हणून दाखवणं हे त्याच्यावरही अन्याय करतं आणि आज त्याच आजारात असलेल्या माणसावरही.

१९६८ मध्ये तो सिडनीत एका दूरदर्शन मालिकेचं चित्रीकरण करत होता. २५ जूनला तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या शेवटच्या चिठ्ठीतल्या ओळी लोक फार वापरतात, मी त्या इथे देत नाही. त्याच्या अस्थी इंग्लंडला आणल्या त्या विली रश्टन या विनोदी कलाकाराने. हीथ्रो विमानतळाजवळच्या क्रॅनफर्ड गावी, सेंट डन्स्टन चर्चमध्ये त्या आहेत.

हे वाचताना तुम्हाला स्वतःला किंवा घरातल्या कुणाला असं अंधारून येत असेल, तर बोलून टाका. इंग्लंडात समॅरिटन्स ११६ १२३ या नंबरवर रात्रंदिवस असतात, भारतात टेलि-मानस १४४१६ वर. बोलायला कारण मोठंच असावं लागतं असं नाही.

तर, हसता हसता अडकणं. ते माझंही होत असे. नंतर कमी झालं, कारण माझ्या लक्षात एक गोष्ट येत गेली: १९५८ सालच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये १९६८ नाहीये. त्या संध्याकाळी स्टुडिओत तो आहे, बाजूला सिड जेम्स हसू दाबतोय, समोर प्रेक्षक बसलेत, आणि हे चांगलं चाललंय हे त्याला समजतंय. त्याच्या आवाजात ते ऐकू येतं. एखादी जागा ठरवल्यापेक्षा जोरात लागली की पुढच्या वाक्यात किंचित लाड येतो, शब्द थोडा जास्त ताणला जातो. तो आनंद खरा होता. पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे आपण तो मागे जाऊन पुसून टाकायचा नाही. त्याच्या कुरकुरीत जो शोधेल त्याला आत्महत्येची चाहूल सापडेल, पण मग ती कुरकुर लिहिणाऱ्या दोन लेखकांचं काय? ते दोघंही वार्धक्यापर्यंत जगले. सिम्प्सन २०१७ मध्ये गेले, गॅल्टन २०१८ मध्ये. पात्राचा वैताग हा तिघांनी मिळून घडवलेला ऐवज होता.

आणि आता चाहत्यांचं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

टोनी हॅन्कॉक ॲप्रिसिएशन सोसायटी १९७६ मध्ये सुरू झाली. तो जाऊन आठ वर्षं झाली होती. ही मंडळी भेटतात, भाग ऐकतात, संवाद म्हणतात, एकमेकांना जागा चुकली म्हणून टोकतात, हे सगळं आहेच. हॉल ग्रीनमधल्या सदम रोडवरच्या जन्मघरावर फलक आहे. बर्मिंगहॅमच्या ओल्ड स्क्वेअरमध्ये ब्रूस विल्यम्स यांनी केलेलं त्याचं शिल्प १९९६ मध्ये उभं राहिलं. २००२ मध्ये बीबीसीने रेडिओ श्रोत्यांचा कौल घेतला तेव्हा आवडता ब्रिटिश विनोदी कलाकार म्हणून त्याचंच नाव पहिलं आलं, मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. पण फलक, पुतळा, कौल हे होत असतं. चाहत्यांनी केलेलं खरं काम निराळं आहे. त्यांनी त्याचा आवाज वाचवला.

त्या काळी टेप महाग होती आणि कार्यक्रम ही लागून गेली की संपणारी गोष्ट समजली जात असे. पुनःप्रसारणाचे करारही मर्यादित. म्हणून बीबीसीत टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मी जिथे जिथे काम केलं तिथेही तेच चाले. सकाळी एका थोर माणसाचा आवाज असलेल्या स्पूलवर संध्याकाळी बाजारभाव. कुणाचा दुष्टावा नव्हता, कपाटात जागा नव्हती आणि नव्या टेपा मागितल्या तर मिळत नव्हत्या. पण गेलं ते गेलं.

हॅन्कॉकच्या १०३ रेडिओ भागांपैकी २० भाग असेच नाहीसे झाले होते. जे राहिले त्यांतले काही राहिले ते परदेशी केंद्रांसाठी काढलेल्या तबकड्यांमुळे. बीबीसीची ट्रान्स्क्रिप्शन सेवा अशा तबकड्या जगभर पाठवायची. पण त्यासाठी भाग कापले जायचे, त्या आठवड्याच्या बातम्यांवरचे उल्लेख काढले जायचे. म्हणून तुम्हाला एखादा भाग मधेच उडी मारल्यासारखा वाटला तर तुमच्या सीडीत दोष नाही, ती जखम जुनी आहे. आणि काही राहिलं ते सामान्य श्रोत्यांमुळे. कुणीतरी घरी टेप रेकॉर्डर आणला होता, त्या काळात तो जड पेटाऱ्याएवढा असायचा. माईक रेडिओसमोर ठेवला, घरच्यांना गप्प बसायला सांगितलं, बटण दाबलं. अशा घरगुती टेपा मी ऐकल्या आहेत. मागे घड्याळाची टिकटिक असते, कुणी खोकतं, लांबून कपबशी वाजते. स्टुडिओतला हशा आणि खोलीतला हशा एकमेकांत मिसळतात. ध्वनिमुद्रक म्हणून मला ती खरखर काढून टाकता येते, पण सगळी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा कार्यक्रम कुणासाठी होता त्याचा तो पुरावा आहे.

हरवलेल्या भागांच्या संहिता मात्र शिल्लक होत्या. २०१४ मध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्षी, त्यांतले भाग नव्या नटांना घेऊन प्रेक्षकांसमोर पुन्हा बसवायला सुरुवात झाली: ‘द मिसिंग हॅन्कॉक्स’. हॅन्कॉकचं काम केविन मॅकनॅली यांनी केलं, आणि तेव्हा गॅल्टन-सिम्प्सन दोघंही हयात होते. नुसती नक्कल असेल म्हणून मी साशंक होतो. तशी नाही ती. मॅकनॅली यांनी आवाज धरलाच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास धरलाय. आणि एक योगायोग इथे सांगायलाच हवा. मूळ रेडिओ मालिकेचा अगदी शेवटचा भाग, २९ डिसेंबर १९५९चा, ‘द इम्पर्सोनेटर’ नावाचा आहे. एक नट हॅन्कॉकचा हुबेहूब आवाज काढून जाहिरात करतो आणि हॅन्कॉकचा संताप संताप होतो, अशी त्याची गोष्ट. रेडिओवरून त्याने निरोप घेतला तो आपला आवाज आपलाच आहे हे ठासून सांगत.

मग २०२२ मध्ये बातमी आली. हरवलेल्या भागांपैकी ‘द मॅरेज ब्युरो’, १९५५ सालचा, एका रीळ-टेपवर सापडला. केनेथ विल्यम्सच्या जागी त्या भागात विनोदी नट पीटर सेलर्स आहेत. ‘रेडिओ सर्कल’ नावाचा गट आहे, जुन्या टेपा शोधून त्यांतून हरवलेले कार्यक्रम बाहेर काढणाऱ्या लोकांचा. त्यांच्या हाताला तो लागला. ६७ वर्षं तो आवाज कुठेतरी गुंडाळून पडला होता.

म्हणून म्हटलं, टाकू नका.

आजोबांच्या टेपांबाबत आता नेमकं. आधी प्रत्येक डब्याचे आणि लेबलचे फोटो काढा, मागची-पुढची बाजू, आत कागद असेल तर तोही. पेन्सिलीने लिहिलेली तारीख हीच पुष्कळदा एकमेव ओळख असते. मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची टेप आहे आणि ती हळूहळू विरतेय. ती वेगळी ठेवा आणि तिच्यासाठी घाई करा. टेपा उभ्या ठेवा, कोरड्या आणि थंड जागी, स्पीकरपासून लांब. माळा ही त्यांच्यासाठी वाईट जागा आहे, उन्हाळ्यात तापतो आणि हिवाळ्यात गारठतो.

मोह आवरून घरातल्या जुन्या यंत्रावर लावून बघू नका. पन्नाशीतली टेप ठिसूळ झालेली असते, पटकन वेग पकडणाऱ्या किंवा ब्रेक घट्ट झालेल्या यंत्रावर ती तुटते. तुटली तर घाबरू नका, ॲसिटेट सरळ तुटते आणि नीट जोडता येते. पण साधा चिकटपट्टीचा तुकडा लावू नका, त्याचा गोंद पाझरून पुढच्या वेटोळ्यांना चिकटतो. इंटरनेटवर कुणी सांगेल की जुन्या टेपा मंद आचेवर भाजून घ्याव्या लागतात. तो उपाय नंतरच्या काळातल्या चिकट होणाऱ्या पॉलिएस्टर टेपांचा आहे. ॲसिटेट भाजली की संपली.

आणखी एक. घरगुती टेपा बहुधा दोन्ही दिशांनी भरलेल्या असतात, पलटून दुसरी बाजूही वापरलेली. शिवाय पैसे वाचवायला लोक धीम्या वेगावर ध्वनिमुद्रण करत, म्हणजे लहानशा रिळावरही तासन्‌तास मावतात. लेबलवर ‘नाताळ, मावशीचं गाणं’ असं काहीतरी असेल आणि ते संपल्यावर मागे अर्धा तास रेडिओ लागलेला असेल. म्हणून डिजिटल करून घेताना शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, असं सांगा. रेडिओ सर्कल किंवा हॅन्कॉक सोसायटीला आधी फोटो पाठवा. कोणत्या टेपला प्राधान्य द्यायचं ते त्यांना लेबल बघून समजतं. ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहालाही विचारता येईल. आणि त्यांत हॅन्कॉक निघाला नाही तरी आजोबांच्या घरच्यांचे आवाज निघतील. त्यांची एक प्रत त्यांच्या मुलाबाळांना द्या.

शेवटी, काय ऐकायचं. पहिल्या मालिकेपासून क्रमाने जाऊ नका. सुरुवातीचे भाग चांगले आहेत, पण तेव्हा सगळेच आपापली जागा शोधत होते, आणि त्यांतच तुटकेपणाही जास्त आहे. ‘संडे आफ्टरनून’नंतर ‘द वाइल्ड मॅन ऑफ द वुड्स’ घ्या. समाजाला कंटाळून हॅन्कॉक रानात राहायला जातो आणि सिड तिकिटं लावून लोकांना तो दाखवायला आणतो. मग ‘द अनएक्सप्लोडेड बॉम्ब’, युद्धातला न फुटलेला बॉम्ब तळघरात सापडतो तो. त्यानंतर १९५९ची सहावी मालिका पूर्ण ऐका, चौदा भाग आहेत. त्यात ‘द लास्ट बस होम’ आहे, पावसात रांगेत उभं राहणं आणि मग पायपीट, बाकी काही नाही. आणि ‘द पोएट्री सोसायटी’ आहे, ज्यात हॅन्कॉक नवकवींच्या वर्तुळात शिरतो, पण वाहवा मिळते ती सिड आणि बिलने थट्टेत रचलेल्या ओळींना. कविसंमेलनं पाहिलेल्या मराठी माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. दूरदर्शनवरच्या ‘ब्लड डोनर’ आणि ‘रेडिओ हॅम’ची १९६१ मध्ये निव्वळ आवाजाची लाँग प्ले तबकडी निघाली होती, तीही मिळवा. अपघातामुळे ‘ब्लड डोनर’च्या चित्रीकरणात तो संवाद फलकांवरून वाचत होता, नजर भलतीकडे जाते. तबकडीवर ती अडचण उरत नाही, आणि माझ्या कानाला ती जास्त चांगली वाटते.